तिसऱ्या आणि चौथ्या खोलीमधली भिंत

तुमसर, १९ जून २०११

माझ्या पत्नीची, उषाची, तेरवी काल पार पडली. पाहुणे आज सकाळी गेले. घर रिकामे झाले, असे लिहिणार होतो. परंतु ते सत्य ठरणार नाही. मागील अंगणातील खोल्यांमधून सकाळपासून लहान मुलांचे रडणे ऐकू येत आहे आणि हे लिहीत असताना, भर दुपारी, त्यात खंड पडलेला नाही.

त्या चार खोल्या मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता असताना, निवृत्तीनंतरची सोय म्हणून बांधल्या. प्रत्येक वीट माझ्या देखरेखीखाली रचली गेली. तीन वर्षांपूर्वी उषाने त्या मला न विचारता, अथवा विचारून माझ्या उत्तराची वाट न पाहता, फौजेतील जवानांच्या बायकांना दिल्या. नवरा सीमेवर गेला की लष्करी वसाहतीतील घर सोडावे लागते, आणि या गावात एकट्या बाईला मुलासह कोणी खोली देत नाही, असे तिचे म्हणणे होते. यात आपला काय दोष, असे मी विचारले होते. "आपला दोष आहे असं कोण म्हणून राहिलं? आपल्या जवळ खोल्या आहेत," इतकेच ती म्हणाली.

पहिल्या खोलीत सरिता राहते. तिचा नवरा संघपाल हवालदार आहे. दुसरी बंद आहे, तेथील भाडेकरीण बाळंतपणासाठी माहेरी गेली आहे. तिसरीत उषाने, गावातील इतर जवानांच्या मुलांसाठीही, पाळणाघर काढले. चौथीत मोना, तिची दीड वर्षांची मुलगी आणि नर्सिंगची पुस्तके. मोनाचा नवरा हेमराज अशा ठिकाणी तैनात आहे, जिथून महिना महिना फोन येत नाही.

उषा त्या पाळणाघराच्या व्हरांड्यात कोसळली. हे स्थळ तिला मारण्यास कारणीभूत झाले, असे माझे मत आहे. जुलैअखेर सर्व खोल्या रिकाम्या करून घेईन.

२३ जून

शकुनबाई उषाच्या वेळेपासून सकाळी आमचा स्वयंपाक करते आणि दुपारी पाळणाघर सांभाळते. आज भाजीत मीठ दुप्पट होते. विचारले असता म्हणाली, "सायेब, पोट्ट्याइकडं पाहू का भाजीकडं?" मी म्हणालो, भाजीकडे. "मंग तुमचीच पोट्टी समजा न् थोडं खारट खा."

माझ्या दुपारच्या झोपेची वेळ दीड ते तीन. आज मागील खिडकी, तिची दारे आणि त्यावर पडदा, असे सर्व बंद करूनही दोन वेळा जाग आली. राइस मिलची राख वाळत घातलेल्या लंगोटांवर पडते म्हणून त्यांनी दोरी माझ्या खिडकीखालील पत्र्याच्या आडोशाला बांधली आहे. ती मी स्वतः सोडून टाकली. लंगोट घडी करून ठेवले. खाली फेकले नाहीत. असभ्यपणा मला मान्य नाही.

२७ जून

सरिताला बोलावून निर्णय कळवला. उभी राहिली, बसली नाही.

"काकाजी, काकूनं सांगतलं होतं का पोरं शाळेत जाईपर्यंत राहा."

मी म्हणालो, काकू आता नाहीत आणि घर माझ्या नावावर आहे.

"आम्ही कुठं जावं मंग? मी आठ ठिकाणी विचारून आली. एक जण म्हणते, नवरा नाही तं रात्री कोण येते-जाते आम्हाले काय माहीत. दुसरा म्हणते, लेकरू रडते. फौजीची बायको म्हटलं तं पंधरा ऑगस्टले स्टेजवर बसवतेत, खोली नाही देत."

मी म्हणालो, या परिस्थितीबद्दल मला सहानुभूती आहे. परंतु ज्या जागेने माझी पत्नी नेली ती मी चालू ठेवू शकत नाही. येथे तिचा स्वर चढला.

"जागेनं नाही नेली. त्या दिवशी मोनाची पोरगी त्याहिच्या कडेवर होती. काकू भिंतीले टेकल्या, पयले पोरीले गादीवर निजवलं, तिच्या अंगावर पदर टाकला, न् मंग पडल्या. हे तुमाले कोणी सांगतलं नाही म्हणून सांगून राहिली."

तिला जाण्यास सांगितले.

म्हणजे उषाला काही क्षण आधी कळले होते. भिंतीला टेकण्याइतके, मूल निजवण्याइतके, पदर घालण्याइतके क्षण तिच्यापाशी होते. त्यांत तिने मला हाक मारली नाही. मी वीस पावलांवर होतो. अर्थात खिडकी बंद होती.

३० जून

केवळराम आले. निवृत्त सुभेदार, माजी सैनिकांच्या स्थानिक मंडळाचे अध्यक्ष. मिशा पांढऱ्या, आवाज परेडचा. सोबत एक योजना: मंडळाने खोल्यांची दुरुस्ती करावी, पलीकडे दोन न्हाणीघरे बांधावीत, पाळणाघर वाढवावे, जागा मात्र माझी.

"साहेब, आमच्या टायमाले बायको गावात सासूजवळ राहे, दुसरा रस्ताच नव्हता. आता पोरी शिकलेल्या हायेत. मोना पोरगी नर्स झाली तं उद्या तुमालेच इंजेक्शन देईन."

मला इंजेक्शनची आवश्यकता नाही, असे मी सांगितले.

ते हसले. मला हसू आले नाही. ज्यांचे काम दुसऱ्याच्या जागेवर परोपकार करणे हे आहे, अशा माणसांविषयी मला नोकरीत असल्यापासून तिटकारा आहे. जाताना म्हणाले की तिसऱ्या आणि चौथ्या खोलीच्या मधल्या भिंतीत दार पाडले तर एकच बाई दोन्ही खोल्या सांभाळू शकेल. सध्या चौथीत निजलेल्या लेकराला पाहण्यासाठी पावसात व्हरांड्यातून वळसा घालावा लागतो. "वहिनी नेहमी म्हणत होत्या."

नेहमी म्हणत होती, हे खरे. मी प्रत्येक वेळी सांगितले की ती भार वाहणारी भिंत आहे, छपराचे वासे तिच्यावर टेकतात, तिला हात लावता येणार नाही. हे तांत्रिकदृष्ट्या योग्य उत्तर होते. वरचा भार पेलणारी आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, घालून दार काढता येते, हा त्याचा उर्वरित भाग होता. तो तिने विचारला नाही.

४ जुलै

रात्रभर पाऊस. सकाळी छत्री घेऊन खोल्यांची पाहणी केली. तिसऱ्या आणि चौथ्या खोलीमधल्या भिंतीवर, मोनाच्या बाजूने, वरच्या कोपऱ्यातून खाली आलेली एक बारीक भेग आढळली. ती गिलाव्यातील आहे. विटेपर्यंत जात नाही. अशा भेगा या जिल्ह्यातील निम्म्या शासकीय इमारतींत मी पाहिल्या असून त्यांपैकी एकही इमारत पडलेली नाही.

तथापि सावधगिरीच्या बाजूने मत देणे हे अभियंत्याचे कर्तव्य असते. मी सरिता, मोना आणि शकुनबाई यांना एकत्र बोलावून सांगितले की ही भिंत धोकादायक आहे, या पावसाळ्यात केव्हाही बसू शकते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांत कोणी राहणे योग्य नाही.

मला वादाची अपेक्षा होती. उत्तरे तयार ठेवली होती. मोना भिंतीकडे पाहत राहिली. मग तिने कोपऱ्यात निजलेल्या मुलीला तशीच, गोधडीसकट, उचलली आणि बाहेर पावसात जाऊन उभी राहिली. सरिता म्हणाली, "काकाजी इंजिनेर हायेत. त्याहिनं सांगतलं म्हणजे झालं." आणि तीही इतर मुलांना बाहेर काढू लागली.

कोणीही मला एकही प्रश्न विचारला नाही. खात्यात असा विश्वास मला एकाही ठेकेदाराने दाखवला नाही.

५ जुलै

मोना नाकाडोंगरीला सासरी गेली. सासरे ट्रॅक्टर घेऊन आले होते. गृहस्थ माझ्याशी आदराने बोलले. "बरं झालं साहेब, तुमी सांगतलं. आमी तं केव्हाचं म्हणून राहिलो, घरी चाल, धानाचा रोवणा लागला, माणूस भेटत नाही. हे नर्सिंग-बिर्सिंग कोणाले पाह्यजे?" मोना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुस्तकांच्या पेटीवर बसली होती, मांडीवर मूल. गाडी सुरू होताना तिने मला वाकून नमस्कार केला. मी तिच्या मुलीचा जीव वाचवला, असे ती समजते.

कॉलेजने तिला सोळा ऑगस्टपर्यंत मुभा दिली आहे, असे सरिता सांगते. त्यानंतर हजर न झाल्यास वर्ष वाया.

ही माझी जबाबदारी नाही.

९ जुलै

अपेक्षित परिणाम पूर्णतः साध्य झाला नाही. सरिता गेली नाही. तिने पाळणाघर पहिल्या खोलीच्या व्हरांड्यात हलवले असून ताडपत्री बांधली आहे. पावसाची झड आली की सगळी मुले एका कोपऱ्यात दाटीने बसतात आणि शकुनबाई त्यांना घुमणाऱ्या आवाजात काहीतरी सांगते. गोंगाट पूर्वीपेक्षा माझ्या खिडकीच्या जवळ आला.

दुपारी मात्र आज अर्धा तास पूर्ण शांतता होती. मी झोपू शकलो नाही.

१३ जुलै

संघपाल सुटीवर आला. उंच, सावळा, कमी बोलणारा. आल्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला. म्हणाला, तिकडे फोनवर सरिताने भिंतीचे सांगितले तेव्हा त्याने सुटी अलीकडे ओढून घेतली.

"आमच्या टुकडीत चार जणाची घरं अशीच हायेत, काकाजी. इकडं भिंत, तिकडं छत. तिथं उभं राहून काही करता नाही येत. म्हणून म्हटलं, या सुटीत एक तरी काम करून जाऊ." मग चहाचा कप खाली ठेवून: "भिंत पाडून टाकतो. नवीन बांधून देतो. मिस्त्री भेटत नाही, सगळे रोवण्यात हायेत. पण केवळराम साहेब न् त्याहिचे पाच-सहा जुने फौजी येतेत. तुमची परवानगी पाह्यजे."

नकार द्यावा तर कारण काय द्यावे? भिंत धोकादायक आहे, हे मीच सांगितले होते. धोकादायक भिंत पाडू नका, असे कोणता अभियंता म्हणेल?

मी परवानगी दिली. स्वतः उभे राहून बांधून घेतलेली भिंत पाडण्याची परवानगी मी दिली, आणि त्या माणसाने माझे आभार मानले.

१५ जुलै

आजचा वृत्तांत क्रमाने लिहितो.

सकाळी आठ वाजता सात जण आले. घण, पहारी, टोपल्या. केवळरामांनी सर्वांना रांगेत उभे करून कामे वाटली. मी मागील खिडकीतून, चौथ्या खोलीच्या उघड्या दारातून आतले पाहत होतो. बाहेर न जाण्याचे ठरवले होते.

पहिला घण बसला आणि उसळून परत आला. दुसराही. तिसऱ्याने गिलाव्याची एक खपली पडली. एक म्हातारा फौजी घण खाली ठेवून हात चोळू लागला. पाऊण तासात त्यांनी जेमतेम चार विटा काढल्या, त्याही तुकड्यांत. विटेला वीट अशी धरून होती की चुना-सिमेंट सुटण्याआधी वीटच फुटत होती. ते मिश्रण मी उभे राहून कालवून घेतले होते. पावसाळ्यात तीन आठवडे सतत पाणी मारून घेतले होते, आणि उषा रोज विचारायची, भिंत पाणी पिऊन फुगणार तर नाही ना.

शकुनबाई टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. आवाज मुद्दाम चढवून म्हणाली, "बाप्पा! ही भिंत तं मराले तयारच नाही. धोकादायक हाय ते आपल्या पोट्ट्याइले का घणाले?"

कोणी हसले नाही. सातही जण माझ्या खिडकीकडे पाहू लागले. संघपालने भेगेवर बोट फिरवले, नखाने गिलावा उकरला, आतल्या विटेवर अंगठा ठेवला. 

नंतर जे झाले ते माझ्या नियंत्रणाबाहेरचे होते. वरून फुटत नाही म्हणून दोघे जण खालच्या थरावर पहार चालवू लागले. मधोमध, जमिनीलगत, वाशांना एकही टेकू न देता. आता भिंत खरोखर धोकादायक होत होती! मी अनवाणी अंगणात धावलो. चष्मा घरात राहिला होता. मी ओरडलो, हे नमूद करणे भाग आहे. सभ्य भाषेत ओरडलो नाही. खालून कोण तोडतो, वासे डोक्यावर घ्यायचे आहेत काय, फौजेत अक्कल जमा करून घेतात काय, असे बोललो.

सर्व जण थांबले. पहार खाली ठेवली गेली.

केवळराम पुढे आले. त्यांनी मला भेगेविषयी काहीही विचारले नाही. शकुनबाईकडे पाहून तिलाही गप्प केले. मग टाच जुळवून म्हणाले, "साहेब, हुकूम? बंद करू का चालू ठेवू?"

संघपाल माझ्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बोलता आले असते.

मी म्हणालो, चालू ठेवा, पण पूर्ण पाडायची नाही. आधी वाशांना चार टेकू. मग मध्ये, इथून इथपर्यंत, दाराएवढीच जागा. वरून खाली, एकेक थर. वर काँक्रीटचे लिंटेल. सळ्या मी मागवतो.

"जी साहेब."

संध्याकाळपर्यंत मी तिथेच उभा होतो. सरिताने चपला आणून माझ्या पायांपाशी ठेवल्या.  

१८ जुलै

लिंटेल भरले. या लोकांना ओळंबा धरता येत नाही. सरळ रेषा ही त्यांना बंदुकीच्या नळीतूनच दिसते काय, असे मी विचारले. एक म्हातारा म्हणाला, "हो जी, न् ते रेषा चुकली तं माणूस मरते."  ओळंबा मी स्वतः धरला.

संघपाल उद्या गावी, करडीला जाऊन येणार आहे. जाण्यापूर्वी त्याने मला एकट्याला गाठले.

"काकाजी, मी हेमराजले काही सांगणार नाही. तो बरफात हाय. तिथं माणसानं घरच्या भिंतीचा विचार करू नये."

हे कृतज्ञतेने घ्यावे अशी त्याची अपेक्षा असेल तर ती व्यर्थ आहे. मी रात्रीचे जेवण टाळले. शकुनबाईने ताट झाकून ठेवले. मीठ बरोबर होते, असे आता, मध्यरात्री, कळले.

८ ऑगस्ट

लिंटेलचे एकवीस दिवस पूर्ण झाले, टेकू काढले. दाराची चौकट बसली. तिसऱ्या खोलीत उभे राहिले असता चौथीतील प्रत्येक कोपरा दिसतो. काम समाधानकारक आहे. हा निर्णय मी संरचनेचा विचार करून घेतला; तो कोणाच्या जुन्या मागणीशी जुळतो, हा योगायोग आहे.

मोनाला निरोप पाठवावा, असे सरिताला सांगितले: खोली सुरक्षित आहे.

१० ऑगस्ट

सरिताने माझ्यासमोर फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. हे औचित्याला धरून नव्हते. मोनाच्या मागे बायांचे आवाज, चिखलात पाय ओढल्याचे आवाज. ती बांधावर उभी असावी.

"काकाजी आहेत का तिथं? ऐकून राहिले का?"

मी होय म्हणालो.

"तुमी म्हटलं भिंत पडते, मी निघून आली. आता म्हणता नाही पडत. शकुनबाईनं मले सगळं सांगतलं. मी कोणत्या वेळचं खरं मानू?"

मी म्हणालो की लिंटेलची क्षमता, पाया, विटेचा दर्जा, या सर्वांची मी जातीने खात्री केली आहे.

"ते पयलेही केली होती तुमी."

हे अचूक होते.

"माही पोरगी त्या भिंतीखाली निजन," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फाटला, "म्हणून सांगतो. पयले तुमी निजा. रोज. दुपारी, पोट्टे निजतेत त्या वेळेले, त्याच भिंतीले उशी लावून. सरिताताई पाहीन. तिनं सांगतलं का काकाजी निजले, तं मी येतो. नाही तं माहं वर्ष गेलं तं जाऊ द्या, पोरगी तं राहीन."

फोन बंद झाला. एका नर्सिंगच्या विद्यार्थिनीने एका निवृत्त अभियंत्याकडे असे प्रमाण मागावे, हा उद्धटपणा आहे. सरिताला मी तसे स्पष्ट सांगितले. ती म्हणाली, "हो जी," आणि गेली.

११ ऑगस्ट

गेलो नाही.

१२ ऑगस्ट

दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास खाट चौथ्या खोलीत नेली. शकुनबाईने एका बाजूने धरली. चक्क मुकाट्याने धरली. खाट भिंतीला, नव्या दाराच्या चौकटीलगत लावली. उषा जिथे टेकली होती ती जागा भिंतीच्या त्या टोकाला, व्हरांड्याच्या दारापाशी आहे. सरिताने न विचारता दाखवली.

मुले तिसऱ्या खोलीत ओळीने निजली होती. तीन निजली होती, दोन निजण्याचे नाटक करत होती. एक मुलगा दारातून आला, खाटेपाशी उभा राहिला, मला निरखून पाहिले आणि ओरडला, "मावशी, आजोबाले घरी जागा नाही का?" शकुनबाईने त्याला ओढून नेले. आवाज दारातून सरळ येतो. चौथ्या खोलीत पडलेल्या माणसाला तिसऱ्या खोलीतील कोणाचा श्वास अडला तरी ऐकू येईल, इतका सरळ येतो. व्हरांड्यातून कोणी हाक मारली असती तर तीही आली असती.

मी डोळे मिटले नाहीत. लिंटेलच्या खालच्या कडेकडे पाहत राहिलो. तीन वाजता उठलो. सरिता दारात उभी होती.

"निजले का काकाजी?"

खोटे सांगता आले असते. सोळा तारीख चार दिवसांवर आहे.

मी म्हणालो, "झोप लागली नाही. भिंत पडली नाही. मोनाला दोन्ही कळव."

खाट तेथेच ठेवली आहे. उद्या पुन्हा जावे लागेल.